अनुदान मागून येतं, संघ आधी उभा राहिला पाहिजे

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या सभेतील भाषण)



 

वर्धापनदिनाच्या सभेत धम्मावर बोलावं, चळवळीवर बोलावं, असा आपल्याकडचा रिवाज आहे. आम्ही मात्र आज चुलीवर आणि विजेच्या बिलावर बोलणार आहोत. कोणी म्हणेल, हा काय विहारात बोलायचा विषय झाला? बंधू-भगिनींनो, आमच्या मते हाही धम्माचाच विषय आहे. तो कसा, ते शेवटी सांगतो. आधी एक प्रसंग ऐका.

मागच्या वर्षावासात आपल्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चालू होतं. मध्येच लाईन गेली. मेणबत्ती लावली, वाचन चालू ठेवलं. वाचन संपल्यावर मागच्या रांगेतली एक माय उठून उभी राहिली आणि म्हणाली, “दादा, सिलिंडर भेटलं, त्याला चार वर्षं झाली. आता त्याच्यावर कपड्याचं गाठोडं ठेवते. अन् हे फुकटचं सोलर म्हणतात, ते आमच्या टिनावर कधी बसते?”

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर झोप आली नाही. त्या मायच्या दोन वाक्यांत सगळी सरकारी योजना उघडी पडली होती.

आधी सिलिंडरचं पाहू. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया इथं सुरू झाली. आठ कोटी जोडण्यांचं उद्दिष्ट पुरं झालं ते ७ सप्टेंबर २०१९ रोजी, आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या औरंगाबादेत. काम मोठं झालं, हे मान्य करायलाच पाहिजे. आमच्या आईनं आयुष्यभर काड्या-गोवऱ्या फुंकल्या. म्हातारपणी डोळ्यातून सारखं पाणी गळायचं, रात्रभर खोकला. आम्ही समजायचो, म्हातारपणाचा खोकला आहे. तो चुलीचा खोकला होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळं जगात ३२ लाख माणसं मेली. त्यात बाया आणि लहान लेकरं किती असतील, हे ज्यानं चूल पाहिली आहे त्याला सांगावं लागत नाही.

पण जोडणी मिळणं वेगळं आणि सिलिंडर भरून आणणं वेगळं. सरकारचेच आकडे सांगतात की, उज्ज्वलाच्या कुटुंबानं २०१९-२० साली वर्षाला सरासरी तीनच सिलिंडर घेतले. २०२४-२५ साली ही सरासरी साडेचारच्या आसपास आली. मधल्या काळात सरकारनं अनुदान दिलं. मे २०२२ मध्ये सिलिंडरमागे २०० रुपये, ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये. पण ते मिळतं कसं? आधी सिलिंडरची पूर्ण किंमत मोजायची, मग ३०० रुपये बँकेत जमा होतात. ज्या घरात मजुरी रोजची आणि किराणाही रोजचा, त्या घरात ही पूर्ण किंमत एका दिवशी कुठून आणायची? म्हणून सिलिंडरवर गाठोडं, आणि मागच्या अंगणात चूल.

इथंच मेख आहे. अनुदान मागून येतं. गरिबाजवळ ‘आधी’ नसतं.

आता विजेकडे या. वीज आणि आपला समाज यांचं नातं बाबासाहेबांपासूनचं आहे, हे आपल्या तरुण पोरांना माहीत असलं पाहिजे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्याच खात्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीला वीजविषयक धोरण समितीपुढं त्यांनी भाषण केलं. त्याचा मथितार्थ असा की, देशाचं दारिद्र्य शेतीवरच्या गर्दीनं हटणार नाही, त्यासाठी कारखानदारी पाहिजे, आणि कारखानदारीसाठी स्वस्त व मुबलक वीज पाहिजे. पुढं १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळाची स्थापना झाली, दामोदर खोऱ्याच्या योजनेची आखणी झाली. आज आपण बटण दाबतो तेव्हा त्यामागं बाबासाहेबांच्या टेबलावरच्या फायली आहेत.

आणि आपल्या विदर्भाची गंमत अशी की, कोळशाची वीज आपल्या उशाशी तयार होते. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. वीज राज्यभर जाते, राख आपल्या पदरात राहते. म्हणून उन्हाच्या विजेचं महत्त्व आपल्याला जास्त. ऊन तर आपल्याकडं एवढं आहे की, एप्रिल-मे मध्ये नको वाटतं!

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ सुरू केली. ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद, २०२६-२७ पर्यंत एक कोटी घरं. घराच्या छतावर एक किलोवॅटचा संच बसवला तर ३० हजार रुपये अनुदान, दोन किलोवॅटला ६० हजार, तीन किंवा जास्त असेल तर ७८ हजार. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळं छत लागतं आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज होते.

आपल्यासारख्यांच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट २०२५ साली झाली. महाराष्ट्र सरकारनं ‘स्मार्ट’ नावाची योजना मंजूर केली. पाच लाख लहान ग्राहकांसाठी ६५५ कोटी रुपये. एक किलोवॅटच्या संचाचा खर्च साधारण ५० हजार धरला आहे. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला केंद्राचे ३० हजार अधिक राज्याचे १७,५००, म्हणजे स्वतःचे फक्त २,५०० रुपये. महिन्याला शंभर युनिटच्या आत वीज वापरणारा अनुसूचित जाती-जमातीचा ग्राहक असेल तर राज्याचे १५ हजार, स्वतःचे ५ हजार. सर्वसाधारण गटाला राज्याचे १० हजार, स्वतःचे १० हजार. आणि ही योजना जो आधी येईल त्याला आधी, अशी आहे. त्यासाठी जातीचा दाखला हाताशी ठेवा. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीत धरण्यासाठी १९९० साली केंद्राला कायदा करावा लागला. त्यामागं कितीतरी मोर्चे आणि निवेदनं आहेत. त्या हक्काचा कागद आपण ट्रंकेत कुजत ठेवायचा नाही.

आता थोडं खरं बोलू. सोलरवाले जे सांगत नाहीत ते आम्ही सांगतो. बिल एकदम शून्य होईल असं कोणी म्हटलं तर मानू नका, स्थिर आकार भरावाच लागतो. या योजनेतला साधा संच महावितरणच्या लाईनला जोडलेला असतो, त्यात बॅटरी नसते. म्हणून लाईन गेली की सोलरही बंद पडतं. वाचनाच्या दिवशी आपल्यावर सोलर असतं तरी मेणबत्ती लावावीच लागली असती. एका किलोवॅटवर दिवसभराचा स्वयंपाक होईल अशीही आशा धरू नका. पंखे, दिवे, टीव्ही, फ्रिज एवढ्याचं बिल मात्र हलकं होतं. आणि पाट्यांवर धूळ-राख बसली तर वीज घटते. आठ-पंधरा दिवसांनी सकाळी, पाटी थंड असताना, साध्या पाण्यानं धुवावी लागते. पहिली पाच वर्षं देखभाल बसवून देणाऱ्यानं करायची असा योजनेचा नियम आहे. पण तक्रार करायला कागद आपल्याजवळ असला पाहिजे.

मग एवढं सगळं असताना आपल्या वस्तीत पाट्या का दिसत नाहीत? या सहा महिन्यांत महिला मंडळाच्या चार भगिनींना घेऊन आम्ही घरोघर फिरलो. जे आढळलं ते असं.

पहिलं कारण, मीटर. कितीतरी घरांत मीटर अजून मेलेल्या बापाच्या, नाहीतर आजोबाच्या नावावर आहे. बिल येतं, आपण भरतो, नाव बदलायचं कोणाच्या ध्यानात येत नाही. अर्ज करायला गेलं की तिथंच गाडी अडते.

दुसरं, घराचा पट्टा आणि छत. काहींना मालकीपट्टा मिळाला नाही. काहींच्या डोक्यावर टिन आहे, ते वाऱ्यानंच उडतं, त्यावर वजन कुठलं ठेवता! आणि जिथं स्लॅब आहे तिथं तीन भावांची वाटणी. एक म्हणतो बसवू, दुसरा म्हणतो माझ्या भागावर नको.

तिसरं, दलाल. दीड वर्षापूर्वी एक गृहस्थ गळ्यात ओळखपत्र अडकवून आला होता. फुकट सोलर म्हणून अकरा घरांतून प्रत्येकी दीड हजार रुपये आणि आधारच्या झेरॉक्स घेऊन गेला. पुन्हा फिरकला नाही. त्या अकरांत एक घर आमचं होतं. चळवळीत तीस वर्षं काढलेला माणूस, दुसऱ्याला शहाणपण सांगणारा, आम्हीच फसलो. लाजेनं कोणाला बोललो नाही. आम्ही पहिल्याच दिवशी बोललो असतो तर बाकीची दहा घरं वाचली असती. आज सर्वांसमोर सांगतो, ती चूक आमची. सरकारी पोर्टलवर नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, एवढं पाठ करून ठेवा.

आणि चौथं कारण, जे सगळ्यात मोठं आहे: तेच ‘आधी’. केंद्राचं अनुदान संच बसून, तपासणी होऊन मग खात्यात येतं. बँका या योजनेसाठी तारणाशिवाय कर्ज देतात, व्याजही कमी आहे. पण ठेकेदाराकडं रोजीनं जाणाऱ्याला, घरकाम करणाऱ्या बाईला बँक दारात उभी करीत नाही. म्हणजे ४५ हजार रुपये मंजूर आहेत, नियमात बसतात, पण मधले दोन-तीन महिने भरून काढायला कोणी नाही. म्हणून हक्काचं अनुदान परत जातं आणि त्याचा फायदा बंगलेवाला घेतो. तो चोर नाही, बंधूंनो. त्याच्याजवळ फक्त ‘आधी’ आहे.

हे कोडं सुटू शकतं. १४ एप्रिल २०२१ पासून महावितरणनं ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना’ राबवली. अनुसूचित जाती-जमातीच्या घराला जोडणी, अनामत ५०० रुपये, तीही पाच महिन्यांच्या हप्त्यानं. रक्कम लहान होती, पण ‘आधी’चे तुकडे केले होते. गरिबाला तेवढ्यानंही दार उघडतं.

आता दोन गावांच्या गोष्टी सांगतो. आमच्या वाचनात आल्या, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीत.

बिहारमध्ये जहानाबाद जिल्ह्यात धरनई नावाचं गाव आहे. २०१४ साली तिथं एका पर्यावरणवादी संस्थेनं १०० किलोवॅटचा सौर प्रकल्प बसवला. देशभर नाव झालं. पण लवकरच सरकारी लाईन आली, ती स्वस्त पडू लागली. काही वर्षांत बॅटऱ्या संपल्या, दुरुस्ती कोणी केली नाही, आणि प्रकल्पाच्या जागेत गुरं बांधण्याची पाळी आली. पैसा होता, पाट्या होत्या. पण ही वस्तू आपली आहे, बिघडली तर आपण पाहायची, असं म्हणणारं कोणी उरलं नाही.

दुसरं गाव कर्नाटकातलं, तुमकूर जिल्ह्यातलं पुरा. बंगलोरच्या विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथं गोबरगॅसचा सामुदायिक प्रयोग केला. पहिल्यांदा सगळ्या घरांना स्वयंपाकाचा गॅस द्यायचं ठरवलं. शेण पुरलं नाही, प्रयोग फसला. मग शास्त्रज्ञांनी गावाला विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? लोक म्हणाले, पिण्याचं पाणी द्या, उजेड द्या. १९८७ पासून त्याच गोबरगॅसवर इंजिन चालवून पाणी आणि दिवे दिले. लोक शेण आणून देत, त्याचं वजन होई, मोबदला मिळे, आणि खत ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे परत जाई. कारभार गावाच्या सभेकडे, यंत्र चालवायला गावचीच पोरं. कित्येक वर्षं ते चाललं.

पुऱ्याचं यंत्र काही मोठं नव्हतं. पण तिथं लोकांना विचारलं गेलं, हिशेब लोकांसमोर राहिला आणि जबाबदारी गावानं घेतली. योजना तरते ती अशी.

आता आम्ही सुरुवातीला म्हटलं, हा धम्माचा विषय कसा, ते सांगतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं की, संसदीय पद्धत भारताला नवीन नाही. बौद्ध भिक्षुसंघात बैठकीचे, ठरावाचे, गणपूर्तीचे, मतमोजणीचे नियम होते. म्हणजे संघ ही पूजेपुरती जमलेली गर्दी नव्हती. सगळ्यांनी मिळून, नियमानं, निर्णय करण्याची ती रीत होती. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले: एक उपभोगाला, दोन कामधंद्याला, चौथा अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवायला. आणि धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यायला सांगितलं. आपण दान देतो. पण दानातून अडचणीच्या वेळचा चौथा भाग उभा करतो का? तो संघाचा नियम चालवतो का?

म्हणून आम्ही आज या सभेपुढं एक सूचना मांडतो. काहींना ती आवडणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

विहाराच्या प्रवेशद्वारावर कमान उभारण्यासाठी आपण दोन वर्षं वर्गणी गोळा केली. दोन लाख दहा हजार रुपये जमले आहेत. कमान झालीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण कमानीला आणखी तेवढेच पैसे लागणार आहेत, म्हणजे वर्षभर ती रक्कम बँकेत पडूनच राहणार. त्यातले एक लाख रुपये एका वर्षासाठी फिरता निधी म्हणून वापरावेत. एका घराला संचासाठी ४५ हजार उसने द्यायचे, घरवाल्यानं आपले ५ हजार घालायचे. एका वेळी दोन घरं. ९० हजार बाहेर, १० हजार हाताशी. अनुदान खात्यात आलं की रक्कम निधीत परत, मग पुढची दोन घरं. तीन महिन्यांत पैसा फिरला तर वर्षाला आठ घरं होतात. सहा महिने लागले तर चार. चार तर चार! वर्षाअखेर लाख रुपये कमानीसाठी जागेवर.

विहारालाच का नाही, असं कोणी विचारेल. विहार हे राहतं घर नाही, म्हणून घरगुती अनुदान विहाराला लागू होत नाही. विहाराच्या छतावर पाट्या बसवायच्या तर आपल्याच दानातून, पुढं केव्हातरी. आधी घरं होऊ द्या.

पैसा बुडाला तर? हा प्रश्न रास्त आहे. आमच्या गिरणीत कामगारांची पतपेढी होती. ती आम्ही जवळून पाहिली. ती बुडाली ती गरिबांनी कर्ज थकवलं म्हणून नाही. हिशेब कपाटात राहिला म्हणून बुडाली. म्हणून नियम असे ठेवू. घर कोणतं आधी घ्यायचं हे समितीनं खोलीत बसून ठरवायचं नाही, पौर्णिमेच्या सभेत ठरवायचं. ज्या घरी विधवा, म्हातारं किंवा आजारी माणूस आहे, त्याला पहिला मान. प्रत्येक घराला शेजारची दोन घरं जामीन. निधीच्या पाच जणांत तीन भगिनी, कारण बिल कोण भरतं आणि चूल कोण फुंकतं हे आपल्याला माहीत आहे. आणि दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर जमाखर्च सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा. समितीत आम्ही बसणार नाही. जो दलालाकडून फसला, त्यानं तिजोरीजवळ बसू नये. आम्ही कागदपत्रांची कामं करू, मीटरवरची नावं बदलून आणायला लोकांबरोबर खेपा घालू.

ज्यांचं टिन आहे, ज्यांना पट्टा नाही, त्यांचं काय? त्या मायचं टिनही त्यातच आलं. त्यांना आज सोलर बसणार नाही, खोटी आशा आम्ही देत नाही. त्यांच्यासाठी दहा हजारांचा राखीव भाग ठेवला आहे. त्यातून सिलिंडर भरायला उसने द्यायचे, महिन्यात हप्त्यानं फेडायचे. एवढ्यानं पावसाळ्यात तरी ओल्या काड्या फुंकायची पाळी येणार नाही. पट्ट्यांसाठी अर्ज आणि मोर्चा, ती लढाई वेगळी, ती चालूच ठेवू.

बंधू-भगिनींनो, अनुदान म्हणजे भीक नव्हे. तो आपल्याच कराचा, आपल्याच घामाचा पैसा आहे. काडेपेटीवरसुद्धा आपण कर भरतो. पण हक्क कागदावर असून भागत नाही. तो घरापर्यंत चालत यायला मधली दोन पावलं आपल्याला टाकावी लागतात. एकट्याला ती जड जातात, संघाला जात नाहीत. कमान वर्षभर उशिरा झाली तरी विहार विहारच राहील. पण त्या कमानीखालून जी माय पुढच्या वर्षी आत येईल, तिचे डोळे धुरानं लाल नसले, तर वर्धापनदिन खऱ्या अर्थानं साजरा झाला असं आम्ही मानू.

सूचना आम्ही मांडली. आता संघाच्या रीतीप्रमाणे ती तीनदा सभेपुढं ठेवावी, ज्यांचा विरोध असेल त्यांनी उघड बोलावं, आणि बहुमतानं निर्णय व्हावा. निर्णय विरुद्ध गेला तरी कमानीच्या विटा वाहायला आम्ही सगळ्यांच्या आधी येऊ.



नमो बुद्धाय! जयभीम!